अंकुरच नसेल, तर कॅल्शियमने दात येतो का?

प्रश्न : माझी मुलगी साडेआठ वर्षांची आहे. वरचे मधले दोन कायमचे दात आले, पण शेजारचे दुधाचे दात हलतही नाहीत. ओपीजी म्हणजे संपूर्ण जबड्याच्या एक्स-रेत तिथे कायमच्या दातांचे अंकुरच दिसत नाहीत. कॅल्शियमचं सिरप सुरू केलंय. उपयोग होईल का? की गरोदरपणात माझ्याच खाण्यात काही कमी पडलं?
— एक आई, सांगली

उत्तर : सिरपने हा दात येणार नाही. कॅल्शियम दाताला कठीण करतं, पण त्याआधी दाताचा साचा घडलेला असावा लागतो. आणि दोष स्वतःकडे घेऊ नका. अंकुर न धरण्यामागे बहुतेक वेळा जनुकांमधला बदल असतो.

कायमच्या पुढच्या दातांचे अंकुर गर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास धरू लागतात. त्या वेळी तोंडाच्या अस्तरातल्या पेशी आणि खालच्या थरातल्या पेशी एकमेकींना प्रथिनांमार्फत निरोप धाडत असतात. हे निरोप म्हणजे ग्रोथ फॅक्टर. पेशीवरचं जे प्रथिन निरोप पकडतं, ते ग्राही. उंदरांमध्ये एफजीएफआर-२ या ग्राहीचा अस्तरातला 'बी' प्रकार नाहीसा केला, तर दात कळीच्या अवस्थेतच थांबतो. निरोप निघतो, पण घ्यायला कोणी नसतं.

याचीच दुसरी बाजू फार सुंदर आहे. वाढत्या अंकुराच्या मध्यभागी 'इनॅमल नॉट' नावाचा पेशींचा लहानसा पुंजका असतो. तो 'वाढा' असा निरोप सोडतो, मात्र त्याच्या स्वतःच्या पेशींवर तो पकडणारे ग्राही नसतात. त्यामुळे आजूबाजूच्या पेशी वाढतात, पुंजका तिथेच थांबतो आणि अस्तराला घडी पडते. दाढेचे उंचवटे अशाच पुंजक्यांभोवती आकार घेतात.

आता मुलीचं. दुधाचे दात घाईने काढू नका. एक्स-रेत एकूण किती अंकुर नाहीत ते मोजून घ्या. अक्कलदाढा सोडून सहा किंवा जास्त नसतील, तर आनुवंशिकी तज्ज्ञांना दाखवा. घाम कमी येणं, केस विरळ असणं, दात टोकदार असणं यातलं काही असेल तर तेही सांगा, कारण ईडीएआर या ग्राहीत दोष असला की ही लक्षणं एकत्र दिसतात. नवव्या-दहाव्या वर्षी डॉक्टरांकडून वरच्या हिरडीच्या ओठाकडच्या बाजूला सुळ्याचा फुगवटा बोटाने चाचपून घ्या. शेजारचा दात नसेल तर सुळा टाळूकडे भरकटण्याची शक्यता वाढते. पुढे सुळा सरकवून जागा भरायची की जागा राखायची, हे ऑर्थोडॉन्टिस्ट (दात सरळ करणारे तज्ज्ञ) ठरवतील. इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) मात्र चेहऱ्याची वाढ थांबल्यावरच. लवकर बसवलं तर शेजारचे दात जबड्याबरोबर खाली येत राहतात, इम्प्लांट आहे तिथेच राहतं आणि आखूड दिसू लागतं. तोवर शेजारच्या दाताला मागून चिकटवलेला ब्रिज, म्हणजे कृत्रिम दात, चालतो.

प्रश्न : जपानमध्ये दात उगवणारं औषध निघालंय म्हणे. ते मिळेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : सध्या नाही. यूसॅग-१ हे प्रथिन बीएमपी या ग्रोथ फॅक्टरला ग्राहीपर्यंत पोचू देत नाही. हे औषध त्या प्रथिनाला अडवणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) आहे. उंदीर आणि फेरेट (मुंगसासारखा एक छोटा प्राणी) यांच्यात त्याने दात आले. माणसांवरची पहिली चाचणी २०२४ मध्ये क्योटोत प्रौढ पुरुषांवर सुरू झाली, तीही आधी सुरक्षितता तपासण्यासाठी.