चाराचा दोन करण्याआधी

‘रजिस्टरमधल्या सगळ्या जोखमा ९ नाहीतर १२ वर येतात, साहेब म्हणतात लाल काही दाखवू नका, तर ३×३ घेऊ की ५×५?’ हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझं जुनं एक्सेल डोळ्यांसमोर आलं.

रजिस्टर म्हणजे प्रकल्पातल्या जोखमींची यादी. प्रत्येकीच्या शक्यतेला आणि परिणामाला १ ते ३ किंवा १ ते ५ असा आकडा द्यायचा, दोन्हींचा गुणाकार म्हणजे स्कोअर, आणि मोठा स्कोअर लाल. तक्ता कितीचाही घ्या, प्रश्न आकडा कसा ठरतो हा आहे. आमचं काम शहरातल्या पाइपलाइनचं होतं. रस्ता खोदाईची परवानगी पावसाळ्याआधी न मिळण्याची शक्यता मी ४ धरली होती, परिणाम ५. म्हणजे २०, लाल. आढावा बैठकीच्या आदल्या संध्याकाळी क्लायंटच्या कार्यालयातून फोन आला, ‘परवानगी होऊन जाईल, चाराचा दोन करा.’ मी केला. स्कोअर १० झाला, ओळ पिवळी झाली आणि उतरत्या क्रमात दुसऱ्या पानावर गेली. बैठकीत पहिलंच पान उघडलं गेलं. मे संपला तरी परवानगी नाही, पुढे पावसाळाभर खोदाई बंद. पाइप साइटवर पडून, जेसीबीचं भाडं आमच्या अंगावर. वर त्याच कार्यालयाचं पत्र आलं की ही जोखीम वेळीच का कळवली नाही! फोनचा पुरावा माझ्याकडे नव्हता. आजही संताप होतो.

म्हणून सांगतो, अर्ज पुढच्या टेबलावर सरकला नसेल, ना-हरकत बाकीच असेल, तर चाराचा दोन होत नाही. जुना आकडा खोडू नका, तारखेसह शेजारच्या रकान्यात राहू द्या. फोनवरचं बोलणं त्याच दिवशी मेलवर टाका.

सगळं ९-१२ वर येतं कारण बहुधा ३ म्हणजे काय हे कुठे लिहिलेलंच नाही, मग जो तो ३ देतो. किती दिवस, किती लाख, ते आकड्यापुढे लिहा. आणि गुणाकारावर विसंबू नका. शक्यता १ × परिणाम ५ आणि शक्यता ५ × परिणाम १ दोन्ही ५च, पण पहिल्यात प्रकल्प कोलमडू शकतो. वाहन उद्योगातल्या एफएमईएमध्येही (काय बिघडू शकतं आणि त्याचा परिणाम काय, याचा आढावा) असाच गुणाकार चालायचा. २०१९ च्या एआयएजी-व्हीडीए (अमेरिकी आणि जर्मन वाहन उद्योग संघटना) पुस्तिकेनं तो काढला आणि तीव्रता आधी बघायला लावली. मी परिणाम ५ च्या ओळी स्कोअर न बघता वेगळ्या काढतो.

मी बांधकामातला माणूस, सॉफ्टवेअरमध्ये थोडं वेगळं असेल. करारातली कलमं मात्र वकिलाला दाखवाच. फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) नमुना करारांत मुदतवाढीच्या दाव्याची नोटीस २८ दिवसांत द्यावी लागते. आमच्या करारातही अशी मुदत होती आणि परवानगीची वाट बघण्यात ती निघून गेली.