एच-इंडेक्स ३१ की १२?

सांगलीच्या एका विद्यार्थिनीचं पत्र: ‘मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. झालंय, जेआरएफ (पीएच.डी.साठीची सरकारी शिष्यवृत्ती) मिळालीय. व्हायरॉलॉजीत पीएच.डी. करायचीय. दोन गाइड घ्यायला तयार आहेत. सरांचे १४० पेपर, एच-इंडेक्स ३१. मॅडमचे ३४ पेपर, एच-इंडेक्स १२. बाबा म्हणतात, सरांकडेच जा. काय करू?’

आधी तो आकडा कसा निघतो ते बघा. हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली तो सुचवला. सायटेशन म्हणजे इतरांनी आपल्या पेपरमध्ये दिलेला संदर्भ. जितक्या पेपरना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन आहेत, तो सगळ्यात मोठा आकडा म्हणजे एच-इंडेक्स. समजा, एखाद्याच्या सात पेपरना उतरत्या क्रमाने ४०, २२, १५, ९, ६, ५ आणि २ सायटेशन आहेत. पाचव्या पेपरला ६ आहेत, चाललं; सहाव्याला ५च, अडलं. एच-इंडेक्स ५. पहिल्या पेपरला ४० ऐवजी ४,००० सायटेशन असती तरी ५च राहिला असता. वय वाढेल तसा हा आकडा वाढतच जातो, म्हणून दोघांनी स्वतंत्र लॅब कधी सुरू केली ते वर्ष शोधल्याशिवाय ३१ आणि १२ शेजारी मांडूच नका. शिवाय दोन्ही आकडे सायटेशन मोजणाऱ्या एकाच साइटवरचे हवेत. गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधली (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन ठेवलेल्या पेपरमधली) सायटेशनही धरतं, त्यामुळे तिथला आकडा स्कोपसपेक्षा बहुधा जास्तच दिसतो.

व्हायरॉलॉजीत आणखी एक भानगड आहे, ती म्हणजे कोविड. २०२० आणि २०२१ च्या कित्येक पेपरवर डझनांनी लेखक आहेत. मधेच कुठेतरी नाव असलं तरी सायटेशन पूर्ण जमा होतात. ती दोन वर्षं बाजूला काढून यादी पुन्हा वाचा.

आता एक संध्याकाळ काढा आणि पबमेड ही वैद्यकीय-जैविक पेपर शोधायची मोफत साइट उघडा. नुसतं आडनाव आणि आद्याक्षर टाकू नका. ‘पाटील एस’ लिहिलंत तर दंतवैद्यापासून शेतीतज्ज्ञापर्यंत सगळे हजर होतील. सोबत संस्थेचं नाव टाका, किंवा त्यांचा ऑर्किड क्रमांक (प्रत्येक संशोधकाचा वेगळा १६ अंकी ओळखक्रमांक) मिळाला तर तो वापरा. गाइडचं नाव शेवटी आहे असेच पेपर निवडा; आपल्या क्षेत्रात लॅबचा प्रमुख बहुधा शेवटी असतो आणि ज्याने प्रयोग केले तो पहिला. वहीत चार रकाने आखा: वर्ष, पहिला लेखक, तो त्याच लॅबचा पीएच.डी. विद्यार्थी होता का, आणि जर्नल. विद्यार्थी होता की नाही हे शोधगंगा या साइटवर कळतं, तिथे भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी. प्रबंध गाइडच्या नावासकट असतात. तुमचं उत्तर तिसऱ्या रकान्यात आहे. १४० पेपरच्या लॅबमध्ये विद्यार्थ्यांची नावं कायम तिसऱ्या-चौथ्या जागी आणि पहिल्या जागी बाहेरचे सहकारी असतील, तर तिथे तुमच्या वाट्याला नमुने मोजणंच येईल. मॅडमच्या प्रत्येक विद्यार्थ्याचे पहिला लेखक म्हणून दोन पेपर असतील, तर १२ हा आकडा मला पुरेसा आहे.

पेपर कमी म्हणजे काम कमी, असंही धरू नका. जिवंत घातक विषाणूवर बीएसएल-३ (कडक जैवसुरक्षेच्या) लॅबमध्ये काम करायचं तर परवानग्या, प्रशिक्षण आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांची मंजुरी यातच महिने जातात. क्यासनूर जंगल तापाचंच बघा. हा गोचिडांमुळे पसरणारा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात सापडला, पुण्याच्या विषाणू केंद्राने तो विषाणू ओळखला. तो पसरवणाऱ्या गोचिडांचा हंगाम वर्षातले काही महिनेच असतो. एक हंगाम हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबा. दुसरीकडे नुसत्या संगणकावर डॉकिंग करून (औषधाचा रेणू विषाणूच्या प्रथिनाला कसा चिकटेल याचं गणित मांडून) वर्षाला आठ पेपर निघू शकतात.

आणि सायटेशन म्हणजे शाबासकीच असं नाही. २००९ मध्ये ‘सायन्स’मध्ये एक्सएमआरव्ही नावाचा विषाणू दीर्घकालीन थकव्याच्या रुग्णांत सापडल्याचा पेपर आला. तो भरपूर उद्धृत झाला, पण त्यातले कितीतरी संदर्भ तो खोडून काढणाऱ्यांचे होते. विषाणू प्रयोगशाळेतल्या उंदरांच्या विषाणूंपासून तयार झालेला निघाला, नमुन्यांत भेसळ होती, आणि २०११ च्या शेवटी पेपर मागे घेतला गेला. म्हणून दोन्ही गाइडची नावं रिट्रॅक्शन वॉचच्या, म्हणजे मागे घेतलेल्या पेपरच्या, यादीत एकदा टाकून पाहाच. प्रामाणिक चुकीसाठी स्वतःहून पेपर मागे घेतलेला असेल तर घाबरू नका. वेस्टर्न ब्लॉटची (प्रथिनं ओळखायच्या चाचणीची) जुनीच चित्रं नवीन प्रयोगाची म्हणून परत वापरल्यामुळे घेतलेला असेल तर तिथे जाऊ नका.

जर्नलबद्दल कुणी ‘केअर लिस्टमध्ये आहे’ म्हणालं तर मान्य जर्नलांची ती यादी यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२५ मध्ये बंद केलीय, एवढं सांगा. आठवड्यात स्वीकारून पैसे मागणारी जर्नलं यादीत दिसली की ती मोजणीतून वगळा.

आता बाबांना सांगायचा मुद्दा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चारच पीएच.डी. विद्यार्थी असू शकतात. सर ‘घेतो’ म्हणालेत, पण जागा आज रिकामी आहे की कुणाचा प्रबंध सादर झाल्यावर होणार आहे, हे विभागाच्या कार्यालयात विचारून घ्या. जेआरएफच्या पत्रावर नोंदणीची मुदत छापलेली असते, ती तारीख हातात ठेवूनच विचारा.