डॉग्मा म्हणजे अंधश्रद्धा नव्हे

‘डॉग्मा’ म्हणजे नेमकं काय, शब्द आला कुठून आणि मराठीत त्याला ‘अंधश्रद्धा’ म्हणावं का, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नका म्हणू.

मी पुण्यात बारावीला जीवशास्त्र शिकवते. पेशीत आनुवंशिक माहिती कोणत्या दिशेने जाते हे सांगणारा ‘सेंट्रल डॉग्मा’ फळ्यावर लिहून खाली डीएनए, आरएनए, प्रथिन असे बाण काढले, तेव्हा यंदा एका मुलीने विचारलं, “मॅडम, विज्ञानात डॉग्मा कसा काय चालतो?” तिच्या प्रश्नामुळेच मी या शब्दाच्या मागे लागले.

शब्द ग्रीक. ‘डोकेइन’ म्हणजे वाटणं, योग्य वाटणं. त्यावरून डॉग्मा, म्हणजे जे वाटलं ते. पण सभेला जे योग्य वाटतं त्याचा ठराव होतो आणि राजाला वाटतं त्याचा हुकूम. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात ऑगस्टस कैसर सगळ्यांची नावनोंदणी करण्याचा हुकूम काढतो, तिथे मूळ ग्रीकमध्ये ‘डॉग्मा’च आहे. चक्क शिरगणतीचा सरकारी आदेश! स्टोइक तत्त्वज्ञ आपल्या सिद्धांतांनाही हाच शब्द वापरत.

ख्रिस्ती धर्मात त्याला आजचं वजन आलं. ३२५ साली नायसियाच्या परिषदेत पुत्र, म्हणजे येशू, पित्याशी, म्हणजे ईश्वराशी, एकतत्त्व आहे असं ठरलं, आणि उलट शिकवणाऱ्यांना बहिष्कृत केलं गेलं. पुढे कॅथलिक चर्चमध्ये अर्थ काटेकोर झाला: ईश्वराने प्रकट केलेलं आणि चर्चने अधिकृतपणे जाहीर केलेलं सत्य. पोप विशिष्ट परिस्थितीत चुकू शकत नाही हे १८७० साली जाहीर झालं, येशूची आई मरिया हिचं सदेह स्वर्गारोहण १९५० साली. जाहीर केल्याने सत्य तयार होत नाही, आधीचंच स्पष्ट होतं, ही चर्चची भूमिकाही लक्षात घ्या. अंधश्रद्धेला अशी तारीख नसते आणि ती ठरवणारी परिषदही नसते.

मग आपल्याकडे नेमका शब्द का नाही? मला याचं उत्तर पुण्यातच सापडतं. १८९० साली इथल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं दिली गेली. पाहुण्यांत रानडे होते, टिळक होते. नावं छापून आली, ख्रिस्त्यांकडे चहा घेतला म्हणून ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा वाद, झालं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एवढ्या वादात ख्रिस्ताबद्दल तुमचं मत काय, हा मुद्दाच नव्हता. मुद्दा होता चहाचा. आपल्या समाजाने पहारा बसवला तो आचारावर. डॉग्मा पहारा देतो मतावर. म्हणून ‘रूढी’ हा शब्द इथे बसत नाही. ‘सिद्धांत’ही नाही, कारण तो वादातून सिद्ध व्हावा लागतो. धर्माच्या संदर्भात मी ‘अधिकृत धर्ममत’ म्हणते. राजकारणात किंवा विचारसरणीच्या बाबतीत ‘पोथीनिष्ठा’ हा आपला शब्द फार चपखल आहे.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. डीएनएची रचना उलगडणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी एक असलेल्या फ्रान्सिस क्रिकने १९५७ साली भाषणात ‘सेंट्रल डॉग्मा’ म्हटलं, तेव्हा पुरेसा पुरावा नसलेली कल्पना एवढाच अर्थ त्याच्या मनात होता. शब्दाचा खरा अर्थ आपल्याला ठाऊक नव्हता, हे त्याने पुढे स्वतःच मान्य केलं. १९७० साली काही विषाणूंमध्ये आरएनएवरून डीएनए बनतो हे उघड झालं, आणि त्याच वर्षी क्रिकने खुलासा केला की हा मार्ग मी कधी नाकारलाच नव्हता. प्रथिनातून माहिती परत जात नाही, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मी फळ्यावर आरएनएकडून डीएनएकडे जाणारा उलटा बाण काढला. मग खडू तिच्या हातात दिला आणि प्रथिनापासून मागे बाण का काढायचा नाही, ते तिलाच वर्गाला सांगायला लावलं.