हरणाऱ्या टीममध्ये रिकामी जागा नसते

(ओहायोतून एका वडिलांनी लिहिलं आहे. मूळ कोल्हापूरचे. मुलगा बारावीत, जीपीए (शाळेतल्या गुणांची सरासरी) ३.९, एसएटी (कॉलेज प्रवेशाची परीक्षा) १४८०, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल टीमचा किकर, म्हणजे बॉलला लाथ मारून गुण मिळवणारा खेळाडू. शेजारच्या राज्यातल्या एका मोठ्या विद्यापीठाने त्याला 'प्रिफर्ड वॉक-ऑन' म्हणून, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, टीममध्ये बोलावलंय. ही टीम गेल्या मोसमात बारापैकी दोनच सामने जिंकली, पण आता नवा कोच आलाय. "इंडियाना विद्यापीठाच्या टीमचं झालं तसं इथेही होईल, आपण पहिल्यापासून आत असलेलं बरं," असं वडिलांचं म्हणणं. फुटबॉल आणि कंप्युटर इंजिनिअरिंग दोन्ही जमेल का आणि एसएटी पुन्हा द्यावी का, हे त्यांचे प्रश्न.)

नमस्कार,

तुमच्या प्रश्नांकडे येतेच, पण त्याआधी पत्रातल्या एका वाक्याबद्दल. "रोज शंभर किक मारून घेतो. जांघेत दुखतं म्हणतो, पण ती सगळी टाळायची कारणं."

त्याच्या किक आजपासून बंद करा. मांडीचा पुढचा स्नायू कमरेच्या हाडाला जिथे जोडलेला असतो, ती वाढीची जागा या वयात पूर्ण पक्की झालेली असेलच असं नाही. प्रत्येक जोरदार किकला तिथे हिसका बसतो. सुरुवातीला नुसतं ठणकतं. तसंच रेटत राहिलं तर हाडाचा तुकडा स्नायूसकट सुटून येऊ शकतो, आणि मग काही महिने गेलेच. स्पोर्ट्स मेडिसिनच्या डॉक्टरांना दाखवा, एक्स-रे काढा. तो बरा झाला तरी शंभरचा आकडा विसरा. जाणते किकिंग कोच आठवड्यातून तीनेक दिवस, दर वेळी तीस-चाळीसच पूर्ण ताकदीच्या किक देतात. बाकी वेळ बॉलशिवाय पावलं आणि पायाची फेक घोटून घेतात.

दुखण्याला कारण म्हणणं मला जास्त खटकलं. कुठली टीम, कुठला कोच, दर तासाला किती डॉलर घेणारा ट्रेनर, सगळं तुम्ही तपशिलात लिहिलंय. मुलाला स्वतःला काय हवंय याची एकही ओळ नाही. त्याच्या आवडीचा उल्लेख एकदाच येतो, तोही तक्रार म्हणून: शनिवारी सकाळी शाळेच्या कोचसाठी सामन्याचे व्हिडिओ कापत बसतो, वेळ घालवतो. हे वाक्य लक्षात ठेवा. माझं उत्तर तिथेच जाणार आहे.

आता तुमचा मुख्य समज: टीम पडेल आहे, म्हणजे नव्या मुलाला जागा मिळेल आणि टीमबरोबर तोही वर येईल. पूर्वी यात तथ्य होतं. कॅन्सस स्टेट विद्यापीठाच्या टीमने १९८६ च्या ऑक्टोबरपासून एकही सामना जिंकलेला नव्हता. १९८९ ला बिल स्नायडर कोच म्हणून आले. पहिल्या वर्षी एक विजय, मग पाच, मग सात, आणि १९९३ मध्ये नऊ. मुलं हायस्कूलमधून घ्यायची, चार-पाच वर्षं घडवायची, मोसमाच्या सुरुवातीला सोपे प्रतिस्पर्धी ठेवायचे, असा तो रस्ता. आज पडलेल्या टीमचा नवा कोच पहिलं काम करतो ते आहेत त्या मुलांना बाहेरची वाट दाखवण्याचं. कोलोरॅडो विद्यापीठाची टीम २०२२ मध्ये १-११ होती, म्हणजे एक विजय, अकरा पराभव. डियॉन सँडर्स कोच म्हणून आले आणि पन्नासहून अधिक शिष्यवृत्तीधारक खेळाडू निघून गेले. त्यांच्या जागी बहुतेक भरणा दुसऱ्या कॉलेजांतल्या तयार खेळाडूंचा झाला. तुम्ही ज्या इंडियानाचं नाव घेता, तिथे नवे कोच सिग्नेटी आपल्या आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातून तेरा खेळाडू घेऊन आले. ३-९ वरून एका वर्षात ११-२, आणि त्याच्या पुढच्या मोसमात राष्ट्रीय विजेतेपद. त्या विजेत्या टीमचा क्वार्टरबॅक (डाव चालवणारा, पास टाकणारा मुख्य खेळाडू) मेंडोझासुद्धा कॅलिफोर्निया विद्यापीठातून बदली करून आलेला. टीम वर आली हे खरं, पण पडत्या काळात तिथे झिजलेल्या बहुतेकांच्या वाट्याला ते आलं नाही. कोल्हापुरात पाटाकडील तालमीची फुटबॉल टीम हरली म्हणून पेठ काही टीम बदलत नाही, तुम्ही त्या निष्ठेत वाढलात. इथे प्रेक्षक तसे निष्ठावान आहेत, रोस्टर (टीममधल्या खेळाडूंची यादी) नाही.

'प्रिफर्ड वॉक-ऑन'चा अर्थही नीट समजून घ्या. शिष्यवृत्ती नाही. ऑगस्टच्या सराव शिबिरात जागा मिळेल, असा कोचचा शब्द, एवढंच. २०२५ च्या मोसमापासून, खेळाडूंना थेट पैसे देण्याची नवी व्यवस्था स्वीकारलेल्या विद्यापीठांत टीमला १०५ खेळाडूंची मर्यादा आहे. पूर्वी ८५ शिष्यवृत्त्या आणि वर वॉक-ऑन धरून सव्वाशेच्या आसपास मुलं सहज असत. ही कात्री सर्वांत आधी वॉक-ऑनवर चालते, आणि किकर मुळात ठेवतातच दोन-तीन. तुमच्या आकड्याप्रमाणे राज्याबाहेरची फी आणि राहणं मिळून वर्षाला ५२ हजार डॉलर. तो खर्च शिबिरातून नाव कापलं गेलं तरी चारही वर्षं तुमचाच.

तुम्ही पाठवलेला त्याचा ४६ यार्डांचा फील्ड गोल (खांबांमधून मारलेली किक) देखणा आहे. पण तो दोन इंची ब्लॉकवर (बॉल जमिनीपासून वर ठेवणाऱ्या ठोकळ्यावर) ठेवलेल्या बॉलचा आहे, आणि हायस्कूलचे खांब २३ फूट ४ इंच अंतरावर असतात. कॉलेजात ते १८ फूट ६ इंचांवर, आणि ब्लॉकला बंदी. जमिनीवरून मारताना पाय जरा जरी उशिरा खाली आला तर बॉल पुरेसा उचलला जात नाही आणि समोरच्या फळीच्या हाताला लागतो. स्नॅपपासून (बॉल मागे फेकून डाव सुरू होतो तिथून) किकपर्यंत साधारण १.३ सेकंद मिळतात. गोलपोस्टच्या मधल्या साडेअठरा फुटांत, ब्लॉकशिवाय, समोरून धावत येणाऱ्यांसह घेतलेला व्हिडिओ असल्याशिवाय कुठल्याही कोचच्या शब्दाचं वजन करू नका.

इंजिनिअरिंग आणि फुटबॉल दोन्ही जमतं, पण महागात. मोसमात आठवड्याला २० तासांची मर्यादा नियमात आहे, मात्र प्रवास, उपचार, फिजिओ त्यात धरत नाहीत. दुपारचा सराव आणि दुपारच्या लॅब आपटतात, मग लॅब उन्हाळ्यात ढकलाव्या लागतात. त्याला खरोखर खेळायचंच असेल तर कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, रोझ-हल्मन इथे फुटबॉल आहे आणि इंजिनिअरिंग उत्तम. ही कॉलेज क्रीडेच्या तिसऱ्या श्रेणीतली (डिव्हिजन थ्री) आहेत. तिथे खेळाची शिष्यवृत्ती नसते, पण केस आणि रोझ-हल्मनला गुणवत्तेवर पैसे मिळू शकतात आणि लॅबसाठी सराव चुकला तर कोच समजून घेतात. एसएटी पुन्हा देऊ नका, १४८० पुरे.

आता ते व्हिडिओ. एका सामन्यात एका टीमचे साठ ते पंचाहत्तर डाव होतात. प्रत्येकाचा साइडलाइनचा (मैदानाच्या बाजूचा) आणि एंड झोनचा (टोकाकडचा) असे दोन कोन कापायचे, मग प्रत्येकापुढे नोंदी करायच्या: कितवा डाऊन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, बॉल मैदानावरच्या कुठल्या हॅश खुणेवर, मैदानात कोणते खेळाडू, रचना, हालचाल, निकाल. यातून कोचला दिसतं की तिसऱ्या डाऊनला सात यार्ड हवे असताना समोरची टीम कुठे पास टाकते. तुमचा मुलगा हे कुणी न सांगता, पैसे न घेता, दर शनिवारी करतोय. टीम उभी करायची खरी नोकरी आज याच बाजूला तयार होतेय. विद्यापीठांना २०२५-२६ साठी खेळाडूंवर सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत खर्च करायची मुभा मिळाली. तो कुणावर करायचा, ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) कोण घ्यायचा, हे ठरवायला माणसं लागतात. स्टॅनफर्डने २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं ३-९ केल्यावर आपला जुना क्वार्टरबॅक अँड्र्यू लक याला जनरल मॅनेजर म्हणून आणलं. कंप्युटर इंजिनिअरिंग शिकलेला आणि डाव ओळखणारा मुलगा अशा ठिकाणी हवाच असतो.

या कामाचं गुलाबी चित्र मी रंगवणार नाही. पदवीनंतर पहिली दोन वर्षं ग्रॅज्युएट असिस्टंट (पुढचं शिक्षण घेत टीमचं काम करणारा सहायक) म्हणून फी माफी आणि तुटपुंजा भत्ता. मोसमात आठवड्याला सत्तर तास. मुख्य कोच गेला की बहुधा अख्खा स्टाफ जातो. पण हातात इंजिनिअरिंगची पदवी असली तर बाहेर पडायचं दार उघडं राहतं, आणि इथे जांघ मोडायची नाही. एक धोका मात्र खरा आहे: उंच लिफ्टवरून सरावाचं चित्रीकरण. २०१० मध्ये नोत्र डेम विद्यापीठात वाऱ्यात लिफ्ट कोसळून चित्रीकरण करणारा विद्यार्थी मरण पावला. म्हणून काम घेण्याआधी विचारायचं: वाऱ्याची मर्यादा किती, ती मोजतं कोण, आणि खाली उतरायचा निर्णय विद्यार्थ्याला स्वतः घेता येतो का.

त्याच्याशी बोला आणि या वेळी तुम्ही ऐका. किकच हवी असं तो म्हणाला तर वरची तिसऱ्या श्रेणीची यादी त्याची. व्हिडिओ म्हणाला तर फीच्या दृष्टीने परवडणाऱ्या, इंजिनिअरिंग चांगलं असलेल्या कॉलेजांना अर्ज करू द्या, टीम जिंकते की हरते हे न बघता. अनेक ठिकाणी लवकरच्या अर्जाची मुदत १ नोव्हेंबरला संपते. प्रवेश पक्का झाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने तिथल्या व्हिडिओ कोऑर्डिनेटरला ईमेल पाठवावा: पाच ओळी, एका सामन्याची नोंदींची फाइल, दोन्ही कोनांतल्या दहा क्लिप आणि शाळेच्या कोचचा फोन नंबर. दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर एकदाच आठवण. ईमेल त्याने लिहायचा, त्याच्या खात्यावरून. तुमचा पत्ता सीसीमध्येही नको.