पावसाळ्यात गुलाबाच्या पानांवर काळे डाग पडून पानं गळतात, काय करावं?

हा काळ्या ठिपक्यांचा बुरशीजन्य रोग. पान उन्हात धरून बघा: डागाची कड झालरीसारखी फाटकी दिसेल, भोवती पिवळेपणा असेल. पान सलग सात-आठ तास ओलं राहिलं की ही बुरशी रुजते, म्हणून आपल्याकडे जुलै-ऑगस्टात ती हमखास येते.

आधी औषध नको, आधी झाडलोट. डागाळलेली आणि खाली पडलेली सगळी पानं वेचून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. पावसाच्या थेंबांबरोबर रोग त्यांच्यावरूनच वर उडतो. कुंड्यांत हातभर अंतर ठेवा. पाणी सकाळी, बुंध्याशी. मग मॅन्कोझेब हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला २ ग्रॅम, पानांच्या खालच्या बाजूलाही, दर दहा-बारा दिवसांनी फवारा. हातमोजे आणि मास्क घालूनच.

फांदी शेंड्याकडून काळी पडत खाली येत असेल तर तो वेगळा रोग, शेंडेमर. तिथे हिरव्या, निरोगी भागापर्यंत कापून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा आणि कात्री दर वेळी स्पिरिटने पुसा.

पानं गळून उघडं पडलेलं झाड बघवत नाही, पण उपटू नका हो! पाऊस ओसरल्यावर, ऑक्टोबरात छाटणी केलीत की नवी तांबूस पालवी येतेच.