बघितलं आणि प्रश्न पडला

या वेळच्या पत्रांत सिनेमेच सिनेमे आलेत. सुट्टीत लोकांनी घरी बसून बरंच काय काय बघितलेलं दिसतंय आणि मला ते वाचायला जाम आवडलं, त्यामुळे बाकीचे प्रश्न पुढच्या वेळी घेते.

ताई, परवा टीव्हीवर 'सैराट' परत बघितला, या वेळी सासूबाई पण होत्या. शेवटी आवाज गेला तर त्या म्हणाल्या टीव्ही बिघडला, आणि खरं सांगते मीपण रिमोट घेऊन आवाज वाढवला, आधी बघितलेला असून! मग दोघी तशाच बसून राहिलो, कुणी उठलं नाही, कुकर लावायचा राहिला. नुसता आवाज बंद केला तर एवढं का होतं? आणि मुलगा बारा वर्षांचा आहे, त्याला दाखवू का? – एक वाचक, बार्शी

अगं, रिमोटकडे हात जाणारच. कारण सिनेमात आपण ज्याला शांतता म्हणतो ना ती खरी शांतता नसतेच कधी. शूटिंग झालं की साउंडवाले सेटवर सगळ्यांना गप्प करतात, कुणी हलायचं नाही, आणि अर्धा-एक मिनिट त्या रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून घेतात, त्याला रूम टोन म्हणतात. प्रत्येक जागेची स्वतःची एक बारीक घूं असते, लांबचा रस्ता, पंखा, भिंतीपलीकडचं काहीतरी. कुणी बोलत नसतं तेव्हा ही घूं खाली चालू ठेवतात, म्हणजे आपल्याला वाटतं की खोली शांत आहे. ती पण काढून घेतली की कानाला कळतं काहीतरी तुटलंय, म्हणून तुम्हाला टीव्ही बिघडल्यासारखा वाटला. तुमच्या कानांनी बरोबर ओळखलं.

आणि त्याच्याआधी जवळजवळ तीन तास आपल्याला काय दिलंय बघ. अजय-अतुलचं संगीत, त्यातली वाद्यं तर थेट लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत मोठा ऑर्केस्ट्रा बसवून रेकॉर्ड केलेली. कान भरून वाहत असतात आणि मग एकदम काहीच नाही, शेवटच्या सीनमधलं ते लेकरू रडतंय हे दिसतं पण ऐकू येत नाही. आपण त्याला उचलून घेऊ शकत नाही आणि ऐकूही शकत नाही. मी 2016 साली थिएटरमध्ये बघितला तेव्हा मध्ये लोक खुर्च्यांसमोर उभे राहून नाचले होते, आणि शेवटी मला शेजारच्या अनोळखी बाईचा श्वास ऐकू येत होता. मला तरी तो मुका भाग त्या संगीताचाच एक भाग वाटतो, सगळ्यात अवघड भाग. दिग्दर्शक नागराज मंजुळेंना थांबवायचं कसं ते माहितीये. 'फँड्री'त डुकरामागे धावणारं ते कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत सुरू झालं की आहे तिथं ताठ उभं राहतं आणि डुक्कर निसटून जातं, तो सीन आठवला तरी मला अजून पोटात खड्डा पडतो.

मुलाचं म्हणशील तर मी अजून दोनेक वर्षं थांबेन. आणि दाखवशील तेव्हा शेजारी बस, कुकरचं काम आधी उरकून घे आणि संपल्यावर लगेच काही बोलू नको, तो विचारेल.

'किल्ला' बघितला, आईची बदली होते आणि मुलगा नव्या गावात येतो तो. माझी आई पण बदलीच्या नोकरीत होती त्यामुळे मी पहिल्या दहा मिनिटांतच रडायला लागले. प्रश्न वेगळाच आहे, सिनेमातला पाऊस एवढा जाड कसा दिसतो? मी मोबाईलवर पावसाचा व्हिडिओ काढते तर पाऊस दिसतच नाही. – एक विद्यार्थिनी, चिपळूण

तू रडलीस यात काही विशेष नाही, मी त्या किल्ल्यातल्या पावसापाशी रडले, मित्र निघून गेलेत आणि हा एकटा हाका मारत फिरतोय. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनही केलंय आणि कॅमेराही स्वतःच धरलाय, 2014 ला बर्लिनच्या महोत्सवात तिथल्या मुलांच्या ज्युरीने त्याला क्रिस्टल बेअर हा पुरस्कार दिला. मुलांनी निवडलाय याचं मला जास्त कौतुक वाटतं.

आता पाऊस. थेंब पारदर्शक असतो, त्याच्या आरपार मागचं सगळं दिसतं, म्हणून समोरून उजेड असेल तर तो गायबच होतो. सिनेमावाले दिवा पावसाच्या मागे लावतात, म्हणजे प्रत्येक थेंब चमकतो, आणि पाठीमागे काहीतरी काळोखं ठेवतात, झाड, भिंत असलं काहीतरी. दूध मिसळतात वगैरे ऐकलं असशील, त्याची काही गरज नसते. आणि मोठा थेंब सेकंदाला साधारण 9 मीटर वेगाने पडतो, कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे उजेड आत सोडणारी झडप, एका चित्रासाठी बहुतेक वेळा सेकंदाचा 48 वा भाग उघडं असतं, म्हणजे तेवढ्यात थेंब 18-19 सेंटिमीटर खाली येतो, जवळजवळ वीतभर रेघ! पुढच्या पावसात रात्री रस्त्यावरचा दिवा थेंबांच्या पलीकडे येईल असं उभं राहून व्हिडिओ काढ आणि मला कळव.

नातवाबरोबर जुना सिनेमा बघत होतो, त्यात टांगा पुढे पळतोय आणि चाक उलटं फिरतंय. नातू म्हणाला आजोबा चूक आहे. मला उत्तर देता आलं नाही. – एक आजोबा, मिरज

आजोबा, नातवाची नजर चांगली आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असतात, मधलं काही नसतंच, ते आपलं मन भरून घेतं. समजा चाकाला 12 आरे आहेत. दोन चित्रांच्या मध्ये चाक बरोबर एका आऱ्याएवढं पुढे गेलं तर पुढचा आरा मागच्याच्या जागी येतो आणि चाक थांबलेलं दिसतं. त्याहून जरासं कमी गेलं की मन म्हणतं आरा थोडा मागे आला, आणि चाक उलटं! मीटरभर उंचीचं चाक असेल तर हा प्रकार ताशी साधारण 22 किलोमीटरच्या अलीकडे होतो, म्हणजे घोडा चांगला पळायला लागला की. बैलगाडीचं असं सहसा दिसत नाही, ती सावकाश जाते. घरी करून बघायचं तर मोबाईलचा कॅमेरा छताच्या पंख्यावर धरा आणि नातवाला रेग्युलेटर फिरवू द्या, पाती थांबतील, उलटी जातील, मजा येते.

इंग्रजी सिनेमाला गेलो, इंटरव्हल अर्ध्या वाक्यात झाला, असं का? – एक वाचक, पणजी

कारण लिहिताना त्यांच्या डोक्यात इंटरव्हल नसतोच, तो आपल्याकडे थिएटरवाले टाकतात. आपले लेखक मात्र इंटरव्हलचा सीन ठरवून लिहितात, वडापाव खाताना पण पुढे काय होणार ते डोक्यात फिरलं पाहिजे म्हणून.

दादासाहेब फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'चा तुकडा बघितला. सगळे घाईत चालल्यासारखे का दिसतात? घरात सगळे हसले, मला वाईट वाटलं. – एक वाचक, नाशिक

मलाही वाटतं वाईट, कारण ती घाई त्यांची नाहीये. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण 16 ते 20 चित्रं. नंतर बोलपट आले, आवाज नीट यायचा तर फिल्म एकाच वेगाने पळायला हवी, म्हणून 24 ठरलं. 16 ने काढलेलं 24 ने दाखवलं की माणसं दीडपट वेगाने पळतात. ज्या प्लेअरवर वेग बदलता येतो तिथे 0.75 वर ठेवून घरच्यांना परत दाखवा, लगेच माणसं माणसांसारखी चालायला लागतील. 3 मे 1913 ला मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये हा सिनेमा लागला, आणि त्यातली तारामती बघताना जरा हातांकडे लक्ष द्या. ते अण्णा साळुंके, हॉटेलात स्वयंपाकी होते, बायका कामाला तयार होईनात म्हणून फाळक्यांनी त्यांना घेतलं, आणि 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर राम पण तेच आणि सीता पण तेच.