ताणाने मेंदू कायमचा आकसतो का?

घरातलं लांबलेलं आजारपण आणि नोकरीची ओढाताण यात पिचलेल्या एक बाई माझ्याकडे समुपदेशनासाठी आल्या होत्या (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बसता बसताच म्हणाल्या, "मॅडम, सततच्या ताणाने मेंदूतलं बीडीएनएफ कमी होतं आणि मेंदू आकसतो, असं वाचलंय मी. काही लक्षात राहत नाही, कशात मन लागत नाही. मेंदूच गेला असेल तर नुसतं बोलून काय होणार?"

ही भीती मी वारंवार ऐकते. त्यांनी वाचलं ते खोटं नव्हतं, अर्धवट होतं.

बीडीएनएफ हे चेतापेशींना जगवणारं, त्यांचे जोड टिकवणारं प्रथिन. ताण दिलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे स्मृतीशी निगडित भागात, त्याची निर्मिती घटते हे 1995 मध्ये दिसलं. ताणाचे दुसऱ्या प्रकारचे प्रयोग काही आठवडे चालतात: पिंजरा तिरका ठेवायचा, अंथरूण ओलं करायचं, रात्री दिवा चालू ठेवायचा. मग साधं पाणी आणि साखरेचं पाणी अशा दोन बाटल्या लावतात. एरवी गोडाकडे धावणाऱ्या उंदराला आता दोन्ही सारखंच. हे सांगितलं तेव्हा बाई म्हणाल्या, "माझंही तसंच झालंय."

पण पुढचा भाग त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता. मेंदूशास्त्रज्ञ सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने उंदरांना 10 दिवस, रोज दोन तास जखडून ठेवलं. हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, तर भीतीशी संबंधित अमिग्डलामधल्या वाढल्या. 21 दिवस ताणाशिवाय गेल्यावर हिप्पोकॅम्पस सावरला. अमिग्डलातली वाढ आणि उंदरांची भीती मात्र तशीच राहिली. उंदरावरून माणसाचा हिशेब थेट मांडता येत नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तरी आकसलेलं पुन्हा वाढू शकतं, एवढं यातून नक्की कळतं. ताण सरल्यावरही धास्ती रेंगाळली तर तो मनाचा कमकुवतपणा नव्हे, हेही मला त्यांना सांगायचं होतं.

"मग बीडीएनएफ वाढवायची गोळी घेऊ का?" त्यांनी विचारलं. तसं करू नका, म्हटलं. 2006 च्या एका प्रयोगात दांडग्या उंदराचा मार खाल्लेले उंदीर इतरांपासून लांब राहू लागले होते. मेंदूच्या आनंदाशी निगडित मार्गावरचं बीडीएनएफ आधीच काढून टाकलेले उंदीर मात्र मार खाऊनही तसे लांब राहिले नाहीत. म्हणजे तेच प्रथिन एका भागात तारक, दुसऱ्या भागात मारक.

बोलता बोलता कळलं, मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेलं औषध "फरकच पडत नाही" म्हणून त्यांनी आठवड्याभरातच सोडलं होतं. याचं उत्तरही उंदरांत सापडतं. नैराश्यावरच्या औषधांच्या एका मात्रेने हिप्पोकॅम्पसमधलं बीडीएनएफ वाढलं नाही, काही आठवडे सलग दिल्यावर वाढलं. औषध द्यायचं की बदलायचं हे ठरवणं माझं काम नव्हे, म्हणून त्यांना त्याच डॉक्टरांकडे परत जायला सांगितलं. मागच्या खेपेला झोप उडाल्याचं सांगायचं राहिलं होतं. ते त्यांनी माझ्यासमोरच कागदावर लिहून घेतलं.